डोंगलमधला रेडिओ

तैवानच्या रिअलटेक कंपनीनं आरटीएल२८३२यू ही चिप काढली ती टीव्हीसाठी. युरोपात हवेतून येणारं डीव्हीबी-टी पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपण लॅपटॉपवर बघता यावं, एवढंच तिचं काम. पेन ड्राइव्हएवढं डोंगल यूएसबीत खुपसायचं, सोबत मिळालेली वीतभर अँटेना खिडकीत ठेवायची आणि बातम्या बघायच्या. जोडीला एफएम रेडिओही ऐकता येई, आणि सगळी गंमत त्या जास्तीच्या सोयीत दडलेली होती.

टीव्हीचा संकेत उलगडण्याचं काम चिप स्वतः करत असे. एफएमसाठी मात्र ती हात वर करायची. अँटेनातून आलेल्या लहरींची नुसती मोजमापं, कसलीही उकल न करता, ती यूएसबीतून संगणकाकडे ढकलून द्यायची. त्यातून गाणं काढायची जबाबदारी विंडोजवरच्या प्रोग्रॅमची. चार पैसे वाचवण्याची ही साधी हुशारी. एरिक फ्राय यांनी २०१० मध्येच या यूएसबी वाहतुकीची नोंद केली होती, पण तिचा बोभाटा झाला नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत फिनलंडचे अंटी पालोसारी यांच्या नजरेस ती पुन्हा आली. लिनक्ससाठी टीव्ही डोंगलांचे ड्रायव्हर लिहिणं हा त्यांचा नेहमीचा उद्योग. एफएम चालू असताना तारेवरून जाणारा डेटा त्यांनी तपासला, तर तो कच्चा होता. म्हणजे या डोंगलला एफएमचीच काय, कुठल्याही एका कामाची सक्ती नव्हती. ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या गटातल्या स्टीव्ह मार्कग्राफ आणि मंडळींनी लगोलग त्यासाठी प्रोग्रॅम लिहिले, त्यांना आरटीएल-एसडीआर हे नाव पडलं आणि वीसेक डॉलरचं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं हजार-अकराशे रुपयांचं डोंगल जगभरच्या हौशी लोकांनी धडाधड मागवायला सुरुवात केली. आपल्याकडे डीव्हीबी-टी कधी रुजलंच नाही. त्यामुळे ही वस्तू ज्यासाठी जन्मली ते काम भारतात तिला फारसं कधी करावंच लागलं नाही.

सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे एसडीआर, ही कल्पना तोपर्यंत जुनी झाली होती. अमेरिकेत जोसेफ मिटोला यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तिची मांडणी केली होती, आणि लष्कराला तर ती हवीच होती, कारण भूदल, नौदल आणि हवाई दलाचे वेगवेगळे संच एका खोक्यात बसवायचे होते. २००१ मध्ये एरिक ब्लॉसम यांनी जीएनयू रेडिओ हे मुक्त सॉफ्टवेअर सुरू केलं, त्याला साजेसं यंत्र मॅट एटस यांनी बाजारात आणलं. म्हणजे विचार होता, प्रोग्रॅम होते, यंत्रंही होती. नव्हती ती विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी किंमत. ती टीव्हीच्या बाजारानं नकळत करून दिली. लाखांच्या घरात बनणाऱ्या वस्तूचा दर प्रयोगशाळेसाठी शेकड्यानं बनणाऱ्या वस्तूला कधीच गाठता येत नाही, आणि म्हणून स्वस्त एसडीआर हा मुद्दाम कुणी रचलेला प्रकल्प नाही हे मला नेहमीच महत्त्वाचं वाटत आलं आहे. त्याचे गुण आणि त्याच्या खोडी, दोन्ही त्या अपघातातून आलेल्या आहेत.

जुन्या रेडिओत प्रत्येक काम एका भागाच्या नावावर लिहिलेलं असे. हवं ते केंद्र निवडायला कॉइल आणि गँग कंडेन्सर, शेजारचं केंद्र अडवायला आयएफ ट्रान्सफॉर्मर, आवाज वेगळा काढायला डायोड. मीडियम वेव्हचा संच एफएम लावू शकत नसे, कारण त्याच्या तारांना ते येतच नव्हतं. डोंगलमध्ये तारांकडे फक्त दोन कामं उरतात. पहिल्या चिपनं, म्हणजे ट्यूनरनं, आभाळातला एक तुकडा उचलून खाली आणायचा. दुसरीनं, म्हणजे आपल्या आरटीएलनं, त्या तुकड्याची मोजमापं घ्यायची. राफेल मायक्रो कंपनीचा आर८२०टी हा ट्यूनर साधारण २४ पासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही जाऊन बसतो. तिथून तो जो तुकडा देतो तो व्यवहारात २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा. त्यापुढे सगळं गणित. एफएम ऐकायचं की विमानाचा ठावठिकाणा काढायचा, हे तुम्ही कुठला प्रोग्रॅम उघडता त्यावर ठरतं.

मग ही मोजमापं असतात तरी कशी? सेकंदाला २४ लाख वेळा डोंगल दोन आकडे पाठवतं, प्रत्येक ० ते २५५ मधला. सेकंदाला ४८ लाख बाइट, मिनिटाला २८८ मेगाबाइट. तासभर रेकॉर्डिंग चालू ठेवून चहाला गेलेल्याची हार्ड डिस्क कशी भरते ते यावरून कळावं. दोन आकडे का, एक का नाही, हा प्रश्न प्रत्येक नवख्याला अडतो, आणि त्याचं उत्तर पुस्तकं फार घाईनं देऊन मोकळी होतात. म्हणून इथे जरा थांबू.

घड्याळाचा एक काटा डोळ्यांसमोर आणा. त्याचं टोक केंद्रापासून आडवं किती आणि उभं किती, हे दोन आकडे सांगितले की काट्याची लांबी आणि दिशा दोन्ही कळतात. डोंगलचे दोन आकडे तेच करतात. आडव्याला आय म्हणतात, उभ्याला क्यू. काट्याची लांबी म्हणजे त्या क्षणी लहर किती जोरात आहे ते, आणि काट्याची दिशा म्हणजे लहर आपल्या चक्राच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते. आडवा आकडा एकटाच असता तर काटा उजवीकडून फिरतोय की डावीकडून, हे कळलं नसतं. म्हणजे आपण लावलेल्या वारंवारितेच्या वर असलेलं केंद्र आणि तेवढंच खाली असलेलं केंद्र एकमेकांत मिसळून गेलं असतं.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. एफएमचं एक केंद्र सुमारे २०० किलोहर्ट्झमध्ये मावतं, म्हणून आधी २४ लाखांवरून मोजमापं गाळून सेकंदाला २ लाख ४० हजारांवर आणायची. समजा त्यातली लागोपाठची दोन मोजमापं अशी आली: आधी २०० आणि १२८, मग १९० आणि १६४. मधला बिंदू १२७.५, तो दोन्हींतून वजा करा. पहिला काटा आडवा ७२.५, उभा ०.५. दुसरा आडवा ६२.५, उभा ३६.५. लांबी काढलीत तर दोन्ही वेळा बहात्तरच्या आसपासच भरते. एफएममध्ये लहरीचा जोर बदलत नाही, त्यामुळे ते बरोबरच आहे. बदलली ती दिशा: पहिला काटा अर्ध्या अंशावर होता, दुसरा तीस अंशांवर. एका मोजमापात तीस अंश, म्हणजे चक्राचा बारावा भाग, आणि अशी मोजमापं सेकंदाला २ लाख ४० हजार. भागाकार केला की येतात २०,०००. त्या क्षणी केंद्राची लहर आपल्या ठरल्या जागेपासून २० किलोहर्ट्झ वर सरकली होती. हे सरकणं म्हणजेच आवाज. निवेदिकेचा स्वर चढला की काटा जास्त वेळा इकडून तिकडे हेलकावतो, ती मोठ्यानं बोलली की तो जास्त लांब हेलकावतो, आणि गप्प राहिली की जागच्या जागी थांबतो. दोन काट्यांमधला कोन काढायचा आणि तो स्पीकरला द्यायचा, झाला एफएम रेडिओ. पायथनमध्ये ही एका ओळीची गोष्ट आहे.

माझं मत विचाराल तर डोंगल हाती आल्यावर पहिलं काम हेच करावं. तयार प्रोग्रॅम उघडून, धबधब्यासारखा सरकणारा निळा-पिवळा पडदा बघून लोक खूश होतात, आठवडाभरात कंटाळतात आणि डोंगल ड्रॉवरमध्ये जातं. पुण्यात असाल तर १०१ मेगाहर्ट्झला विविध भारती लावा, दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि त्या फाइलमधून गाणं स्वतःच्या हातानं बाहेर काढा. पहिल्या खेपेला आवाजाऐवजी खरखर येईल. बहुतेक वेळा १२७.५ वजा करायचे राहिलेले असतात किंवा गाळणी लावायची राहिलेली असते.

गाणं निघालं की थांबू नका. काढलेल्या संकेताचा आलेख काढा, कारण कानाला ऐकू येतं त्याच्या पलीकडेही त्यात माल आहे. १५ किलोहर्ट्झपर्यंत गाणं: डाव्या आणि उजव्या बाजूची बेरीज, जुन्या एकाच स्पीकरच्या संचासाठी. स्टीरिओ केंद्र असेल तर १९ किलोहर्ट्झवर एक सुईसारखं टोक दिसतं, त्याला पायलट म्हणतात. त्याच्या दुपटीला, ३८ च्या दोन्ही अंगांना, डाव्या-उजव्याची वजाबाकी पसरलेली असते. बेरीज आणि वजाबाकी हाती आली की दोन्ही बाजू वेगळ्या करता येतात, हे सातवीतलं बीजगणित. आणि तिपटीला, ५७ वर, काही केंद्रं आरडीएस पाठवतात, म्हणजे गाडीच्या रेडिओवर सरकणारं केंद्राचं नाव. त्याचा वेग सेकंदाला ११८७.५ बिट, हा विचित्र आकडा येतो ५७,००० ला ४८ नं भागून. सगळं एका पायलटच्या पटीत बांधलं आहे, म्हणजे घेणाऱ्या यंत्राला वेगळं घड्याळ नको. १९५० ते १९८० च्या दशकांतल्या अभियंत्यांनी जुने संच निकामी न करता एकावर एक हे मजले चढवले. अभियांत्रिकीच्या पुस्तकात हीच आकृती असते, विद्यार्थी ती पाठ करून परीक्षेत काढतात, आणि आपल्या गावच्या केंद्राची ती आकृती आपल्याच पडद्यावर उमटलेली बघितली की ती पाठ करायची गरज उरत नाही.

आता खोडींकडे. आठ बिट म्हणजे २५६ पायऱ्या. टीव्हीसाठी पुरेत, पण रेडिओच्या आभाळात जवळच्या मनोऱ्याचा संकेत आणि लांबच्या उपग्रहाचा संकेत यांच्या ताकदीत कोट्यवधींचा फरक असतो. मनोरा सगळ्या पायऱ्या व्यापून बसला की उपग्रह पहिल्या पायरीच्याही खाली जातो. शहरात याचा सर्रास अनुभव येतो: जिथे काहीच नसायला हवं तिथे एफएमच्या जाहिराती ऐकू येऊ लागतात. ती भुतं डोंगलच्या पोटातच तयार झालेली असतात. उपाय दोन. प्रोग्रॅममधला गेन, म्हणजे संकेत किती वाढवायचा ते, आपोआपवर न ठेवता हातानं कमी करायचा. नवखा माणूस तो नेहमी पूर्ण वाढवून ठेवतो आणि मग काही येत नाही म्हणून कुरकुरतो. आणि ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारी एफएम गाळणी अँटेना आणि डोंगलच्या मध्ये लावायची.

गणित थोडी भरपाईही करतं. २४ लाख मोजमापांतून दहा किलोहर्ट्झचा अरुंद पट्टा काढायचा तर दर २४० मोजमापांचा मिळून एक आकडा होतो, आणि सरासरीत गोंगाट एवढा दबतो की आठ बिटांचे जवळजवळ बारा झाल्यासारखं होतं. वेगाच्या बदल्यात बारकावा घ्यायचा हा सौदा सगळ्या डिजिटल मापनात चालतो. फक्त मनोऱ्यानं पायऱ्या ओसंडून टाकल्या असतील तर तो उपयोगाचा नाही.

दुसरी खोड घड्याळाची. स्वस्त डोंगलमधला २८.८ मेगाहर्ट्झचा स्फटिक दशलक्षात पन्नास भागांपर्यंत सहज चुकतो आणि गरम झाला की सरकतो. १०० मेगाहर्ट्झला ही चूक पाच किलोहर्ट्झ, एफएमला जाणवणारही नाही. अरुंद संकेत शोधत असाल तर मात्र तुम्ही भलत्याच जागी बसलेले असता. हौशींसाठीच बनवलेल्या पुढच्या डोंगलांत तापमान सांभाळणारा स्फटिक असतो, चूक एका भागाच्या आसपास येते. डबी धातूची असते, ती उष्णता बाहेर टाकते आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ देत नाही. चार पैसे जास्त पडले तरी असंच डोंगल घ्यावं. बिननावाचं, प्लॅस्टिकच्या डबीतलं स्वस्तातलं घेऊन जो वेळ जातो त्याची किंमत जास्त आहे.

तिसरी खोड डोंगलची नाहीच, घराची आहे. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर, खुद्द लॅपटॉपचं यूएसबी-३ पोर्ट, प्रत्येक जण आपापली खरखर हवेत सोडत असतो. घरातली एकेक वस्तू बंद करत पडद्यावरची कुठली रेघ नाहीशी होते ते बघणं हा रविवारच्या सकाळचा उत्तम उद्योग आहे. गुन्हेगार बहुधा सगळ्यांत स्वस्त चार्जर निघतो. डोंगल लॅपटॉपला थेट न लावता मीटर-दोन मीटर यूएसबीच्या तारेवर लांब नेलं तरी बराच फरक पडतो.

आणि अँटेना. सोबत येणारी चुंबकाच्या बुडाची काडी ही बोहनी समजावी. पंच्याहत्तरला मेगाहर्ट्झनं भागलं की लहरीच्या पाव लांबीचे मीटर येतात: एफएमला पाऊण मीटर, हवामानाच्या उपग्रहांना साधारण ५४ सेंटीमीटर, विमानांना जेमतेम सात. तांब्याची तार, कटर आणि केबलवाल्याकडचा उरलेला आरजी-६ चा तुकडा एवढ्यात कामाची अँटेना होते. ती केबल ७५ ओहमची आणि डोंगल ५० चं म्हणून घाबरायचं कारण नाही, नुकसान किरकोळ आहे. गच्चीवर नेलेली साधी तार खोलीत ठेवलेल्या महागड्या अँटेनाला हरवते. पैसे खर्च करायचेच असतील तर डोंगलपेक्षा अँटेना उंच नेण्यावर करावेत.

विमानांकडे वळू, कारण बहुतेकांना डोंगलची खरी गोडी तिथे लागते. प्रवासी विमान १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःची ओळख, उंची, जागा आणि वेग सतत सांगत असतं, आणि तेही उघड, कुठलंही कुलूप न लावता. पद्धतीचं नाव एडीएस-बी. एक संदेश ११२ बिटांचा, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाला एक बिट. त्याआधी आठ मायक्रोसेकंदांची ठरलेली हाळी, म्हणजे सगळं आवरतं १२० मायक्रोसेकंदांत. पहिल्या पाच बिटांत १७ हा आकडा असतो, पुढच्या तीन बिटांत ट्रान्सपाँडरची, म्हणजे हे संदेश पाठवणाऱ्या विमानातल्या यंत्राची, कुवत. हे आठ बिट सोळाच्या पायावर लिहिले की बहुतेक वेळा ८डी दिसतं, आणि पडद्यावरून ८डी नं सुरू होणाऱ्या ओळींचा पाऊस सुरू झाला की समजावं, अँटेना जमली. पुढचे २४ बिट विमानाचा कायमचा क्रमांक. भारतात नोंदलेल्या विमानांसाठी ८००००० ते ८३एफएफएफएफ हा पट्टा राखून ठेवलेला आहे, म्हणून ८डी च्या मागोमाग ८० आले की विमान आपल्याकडचं. मग ५६ बिटांत खरा मजकूर आणि शेवटच्या २४ बिटांत ताळा, म्हणजे वाटेत एखादा बिट बिघडला तर कळतं.

जागेचे आकडे तर फारच हुशारीनं बसवलेत. अक्षांश-रेखांश पूर्ण पाठवायला बिट पुरत नाहीत, म्हणून विमान पृथ्वीच्या दोन किंचित वेगळ्या आखणीतली आपली जागा आळीपाळीनं पाठवतं. एका संदेशावरून ते जगात अनेक ठिकाणी असू शकतं. दोन्ही जुळतात अशी जागा एकच निघते. हे सगळं उलगडणारा डम्प१०९० हा लोकप्रिय प्रोग्रॅम साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी लिहिला. संगणकवाले त्यांना रेडिस या डेटाबेसचे जनक म्हणून ओळखतात. उंचावरचं विमान डोंगलला दोन-तीनशे किलोमीटरवरूनही सापडतं, फक्त मध्ये डोंगर नको. पुण्यातल्या बऱ्या गच्चीवरून मुंबईकडे निघालेली विमानं उतरणीला लागलेली दिसतात आणि सह्याद्रीच्या मागे, खूप खाली आली की हरवतात. मोबाइलवर विमानांचे नकाशे दाखवणाऱ्या कंपन्यांचा बराचसा डेटाही अशाच गच्च्यांवरून, हौशी लोकांच्या यंत्रांतून येतो. जहाजांचीही अशीच व्यवस्था आहे, एआयएस नावाची, १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यानं ती जरूर लावून बघावी.

हवामानाच्या उपग्रहांबद्दल मात्र एक सावधगिरी. अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे उपग्रह १३७ मेगाहर्ट्झवर साध्या पद्धतीनं, सेकंदाला दोन ओळी अशा वेगानं ढगांचं चित्र पाठवत. टिक-टॉक, टिक-टॉक असा तो आवाज ऐकून एका पिढीनं हा छंद धरला. तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये निवृत्त केले गेले. त्यांच्यावर आधारलेले धडे अजून जागोजागी वाचायला मिळतात आणि नवखी मुलं रिकाम्या आभाळाकडे अँटेना लावून बसतात. आता त्या पट्ट्यात रशियाचे मिटिअर-एम मालिकेतले उपग्रह आहेत. त्यांचा संकेत डिजिटल आहे. ऐकायला नुसती सळसळ, पण चित्र अधिक रेखीव. अँटेना तीच चालते: ५४ सेंटीमीटरच्या दोन तारा, मधला कोन १२० अंश, गच्चीवर आडव्या. उपग्रह सुमारे ८२० किलोमीटर उंचीवरून दहा-पंधरा मिनिटांत क्षितिज ओलांडतो, आणि जवळ येताना-दूर जाताना त्याची वारंवारिता तीनेक किलोहर्ट्झ वर-खाली सरकते. पडद्यावरची ती तिरकी रेघ म्हणजे डॉप्लर परिणाम, पुस्तकातल्या आगगाडीच्या शिट्टीविना. जूनमध्ये अरबी समुद्रावर चढत येणारे ढग स्वतःच्या गच्चीवर पकडले की हवामान खात्याच्या चित्रांकडे बघण्याची नजर बदलते.

उपग्रहांच्या दुसऱ्या टोकाला आपली मुलंही आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा स्वयम् जून २०१६ मध्ये आणि आयआयटी मुंबईचा प्रथम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये श्रीहरिकोट्याहून गेला. विद्यार्थ्यांचे असे छोटे उपग्रह एका ठिकाणाहून दिवसातून काही मिनिटंच दिसतात. बाकीचा वेळ ते कुणाच्या तरी दुसऱ्याच्या डोक्यावर असतात. सॅटनॉग्ज या जगभर पसरलेल्या जाळ्यानं हीच अडचण सोडवली. ग्रीसमधल्या अथेन्समध्ये सुरू झालेलं हे काम, त्यातली कित्येक केंद्रं म्हणजे एक डोंगल, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि गच्चीवरची अँटेना.

कायद्याची बाजू कंटाळवाणी असली तरी टाळण्यासारखी नाही. भारतात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं वायरलेस यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना लागे, आणि जुन्या लोकांना पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरल्याचं आठवत असेल. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ यंत्रं बाळगण्याबाबतचं कलम आहे, सरकार त्यातून सवलती देतं. व्यवहारात ध्यानात ठेवायचं ते असं: सर्वांसाठी असलेलं ऐकावं, म्हणजे आकाशवाणी, हवामानाचे उपग्रह, हौशी रेडिओवाले. जे दुसऱ्यासाठी आहे ते चोरून ऐकणं आणि त्याहून वाईट म्हणजे ते पसरवणं, हा गुन्हा आहे. आणि परवान्याशिवाय प्रक्षेपण कधीही करू नये. आपलं डोंगल फक्त ऐकतं, म्हणून त्या बाबतीत निरुपद्रवी. मायकेल ऑसमन यांचं हॅकआरएफ किंवा अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचं प्लूटो ही पुढच्या इयत्तेतली यंत्रं मात्र बोलतातही. चुकून दाबलेलं बटण विमानतळाजवळ काय करू शकेल ते सांगायला नको. बोलायची हौस असेल तर हॅम रेडिओची परीक्षा द्यावी. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही ती देता येते, आणि मिळालेली व्हीयू नं सुरू होणारी खूण आयुष्यभर मिरवता येते.

प्लूटो बारा बिटांचं आहे, रुंदीही मोठी, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी उत्तम. पण एका प्लूटोभोवती वीस मुलं उभी करण्यापेक्षा दोघांत एक डोंगल द्यावं, असं मी कुणीही विचारलं तर सांगतो. संदेशवहनाच्या प्रयोगशाळेत काचेआड ठेवलेले, ठराविक जागी ठराविक पिना खुपसायचे संच असतात. त्यांत काही चुकतच नाही. डोंगलमध्ये सगळं चुकतं, आणि का चुकलं ते शोधावं लागतं.

हे छोटं यंत्र आणि मोठं विज्ञान यांच्यात एक सरळ रस्ता आहे आणि तो नारायणगावजवळच्या खोडदला जातो. तिथली जीएमआरटी ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. तबकड्यांचे संकेत एकमेकांशी जुळवायला सुरुवातीला खास बनवलेलं हार्डवेअर होतं. २०१० च्या सुमारास ते काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या ताफ्यावर आणि सॉफ्टवेअरवर आणलं गेलं. तत्त्व तेच, मोजमाप करा आणि बाकी गणितावर सोडा. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, शाळा-शाळांच्या बस येतात. मोबाइल बंद ठेवा असं तिथे का सांगतात ते, घरातला चार्जर पडद्यावर पकडलेल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या दुर्बिणीच्या कामातला एक तुकडा डोंगललाही जमतो. आकाशगंगेतला हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झवर, २१ सेंटीमीटरच्या लांबीनं, अतिशय क्षीण गुणगुणतो. हेन्ड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केलं, १९५१ मध्ये हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेल यांनी ते खरं करून दाखवलं. आर८२०टी ची हद्द १७६६ पर्यंत आहे, म्हणजे ही वारंवारिता आत येते. लागतं काय? मीटरभर व्यासाची जाळीची तबकडी किंवा पत्र्याचं कर्ण्यासारखं तोंड, त्याला लागूनच कमी गोंगाटाचा अँप्लिफायर आणि गाळणी, आणि काही मिनिटांची सरासरी. डोंगलच्या पोटातली सगळी वाकडी-तिकडी वळणं वजा करायला आधी आकाशगंगेपासून दूरच्या रिकाम्या आभाळाचं एक माप घ्यायचं. मग जो उंचवटा उरतो तो हायड्रोजन.

सेकंदाला एक किलोमीटर वेग म्हणजे इथे ४.७ किलोहर्ट्झचं सरकणं. डोंगलच्या २.४ मेगाहर्ट्झच्या खिडकीत त्यामुळे सेकंदाला पाचशे किलोमीटर रुंदीचा वेगांचा पट्टा एकदम मावतो, आणि आकाशगंगेचे बाहू एकमेकांपासून वेगळे दिसू लागतात. सुरुवातीला मात्र वृषभेच्या शिंगांच्या टोकाशी तबकडी लावावी. ती आकाशगंगेच्या केंद्राच्या बरोबर उलटी दिशा. तिथला हायड्रोजन आपल्याकडे फारसा येतही नाही, जातही नाही, म्हणून उंचवटा अरुंद आणि नेटका मिळतो. शिवाय ती जागा सूर्याच्या वार्षिक मार्गाजवळच आहे. सप्टेंबरच्या अखेरीस पृथ्वी तिच्याकडे सेकंदाला तीस किलोमीटरनं धावत असते, मार्चच्या अखेरीस तेवढ्याच वेगानं तिच्यापासून दूर. सप्टेंबरात ती जागा पहाटे सहाला डोक्यावर असते, मार्चमध्ये संध्याकाळी सहाला. रेडिओला उजेडाची अडचण नाही आणि ढगांचीही नाही, फक्त परतीच्या पावसात अँप्लिफायर भिजू देऊ नये. दोन्ही मापांत उंचवट्याची जागा सुमारे २८० किलोहर्ट्झनं हललेली सापडेल, आणि तिला दोननं भागून पृथ्वीचा वेग काढणं ही वहीत करायची आकडेमोड आहे.